नकोशीची राखण

नकोशीबद्दल लिही, असं मला कुणी सांगितलेलं नाही. उलट कशाला लिहितेस म्हणणारेच जास्त. पण एकतीस वर्षं उपकेंद्रात नर्स म्हणून मी साहेबांना हवं तेच लिहिलं; आता निवृत्त झाले आहे, तर एवढं एक स्वतःच्या मनाचं लिहिते. वाडीचं नाव मात्र देत नाही. दिलं तर उद्या दारात जीप उभी राहील, आणि या वयात मला साहेबांसाठी चहा टाकायची हौस नाही. इंदापूर तालुक्यात, कळंबच्या अलीकडं, साठ-सत्तर उंबऱ्यांची वस्ती, एवढं पुरे. माणसं पूर्वी मेंढरं राखायची. आता बहुतेकांचा ऊस आहे, कुणी ट्रॅक्टर चालवतं, पोरंपोरी बारामतीच्या कंपन्यांत जातात.

नकोशी त्या वाडीची आशा. आशा म्हणजे वाडीतलीच एक बाई, जी गरोदर बायांची नावं नोंदवते, त्यांना दवाखान्यात नेते, पोरांना डोसाला गोळा करते आणि काही बिनसलं की दोन्हीकडून बोलणी खाते. नकोशीच्या बाबतीत बोलणी खाणं थोडं आणि बोलणी देणं जास्त होतं. तिच्या तोंडाला लागायला सरपंचसुद्धा कचरायचे.

तिचं माहेर पळसदेवकडचं. बाप म्हस्कू मेंढरांमागं फिरणारा. तीन मुलींवर ही चौथी झाली, तेव्हा रीतीप्रमाणे नाव ठेवलं नकोशी. असं नाव ठेवलं की देव समजून घेतो आणि पुढच्या खेपेला मुलगा देतो. पुढच्या खेपेला मुलगा झाला. ती हे सांगायची तेव्हा हसायची. "माझं नाव गुणाला आलं बघा सिस्टर. सगळ्या घरादाराला फायदा, माझा तेवढा घाटा." पुढं सरकारी माणसं अशा मुलींची नावं बदलून देत होती. हिलाही एका साहेबांनी छानसं नाव काढून दिलं होतं. ही म्हणाली, "नाव बदलल्यावर ठेवणाऱ्याचं मन बदलतंय व्हय? ऱ्हाऊ द्या हायेच त्ये. आईकणाऱ्याला जरा लाज वाटंल."

हिला स्वतःला दोन मुली. दुसरी झाल्यावर चाळीस दिवसांत जाऊन ऑपरेशन करून आली. सासू वर्षभर बोलली नाही. ही म्हणायची, तेवढंच घर शांत राहिलं.

आणि तिनं गाडी अडवलेली. त्या वेळी आमच्या भागात एक पांढरी गाडी फिरायची; आत सोनोग्राफीचं छोटं मशीन, कुणीतरी डॉक्टर म्हणवणारा माणूस, आणि वस्त्यावस्त्यांवर पोटात मुलगा की मुलगी ते सांगून जायचा. सगळ्यांना माहीत आणि कुणालाच माहीत नाही, असा तो प्रकार. नकोशी कालव्याच्या पुलावर गाडीपुढं मांडी घालून बसली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, शिव्या दिल्या, गाडी अंगावर आणली. ही उठली नाही. पोलीस येईपर्यंत दीड तास तिथंच. कोर्टात साक्षही दिली, वकिलानं "तुम्ही किती शिकलात" विचारल्यावर म्हणाली, "गाडी वळखण्याइतकी." तालुक्याला तिचा सत्कार झाला. सत्काराची शाल तिनं म्हाताऱ्या म्हशीवर घातली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

हे सगळं अशासाठी सांगितलं, की पुढचं वाचून कुणी तिला दुष्ट म्हणू नये. दुष्ट बाई नव्हती ती. मला तिचा अभिमान होता, आजही आहे, आणि म्हणूनच जास्त जळतं.

दोन मुली असलेली बाई पुन्हा गरोदर राहिली की तिच्यावर लक्ष ठेवा, असं आम्हाला मीटिंगमध्ये सांगत. तोंडी बरं का, कागदावर काही नाही. मुलगी निघाली तर ही माणसं पोट पाडतील, म्हणून. आम्ही अशा नावापुढं लाल पेननं खूण करायचो. गर्भलिंग तपासणीच्या कायद्याचं प्रशिक्षण आम्हाला दोन-दोन दिवसांचं असे. गर्भपाताचाही कायदा आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं तो करून घेता येतो, पाळणा लांबवायचं साधन फसलं हे कारण चालतं, आणि सज्ञान बाईची स्वतःची सही सोडून दुसऱ्या कुणाचीही सही लागत नाही. हे आम्हाला चहाच्या सुट्टीआधी दहा मिनिटांत उरकून सांगितलं होतं. निम्म्या जणी तेव्हा कपांकडं बघत होत्या. मीही.

नकोशीची लक्ष ठेवायची स्वतःची तऱ्हा होती. सॅनिटरी पॅडची पाकिटं वाडीत तीच पुरवायची. कोण दर महिन्याला येतं आणि कोण आलं नाही, हे तिला बोटांवर पाठ. एखादी चुकली की आठवड्यात ही लघवी तपासायची पट्टी घेऊन तिच्या दारात. म्हणून तिच्या वाडीतली एकही गरोदर बाई बारा आठवड्यांच्या पुढं बिननोंदीची राहिली नाही. तालुक्यात पहिला नंबर. मी मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगायची.

दिपाली तिला अशीच सापडली, गेल्याच्या गेल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर.

दिपाली सत्तावीस वर्षांची. नवरा यशराज जेसीबीवर ड्रायव्हर, सासू म्हाळसा, दोन मुली, धाकटी चौदा महिन्यांची. बारामतीत कपड्याच्या कंपनीत शिलाई मशीनवर नुकतीच लागली होती. सकाळी सातला कंपनीची गाडी रस्त्यावर यायची. ही वेणी घालत घालत पळायची आणि गाडीत बसली की खिडकीतून मुलींना हात करायची. दुसऱ्या बाळंतपणात तिला एवढं रक्त गेलं होतं की चार बाटल्या चढवल्या. ऑपरेशन करून घ्यायचं तिच्या मनात होतं, पण म्हाळसानं दारात आडवं पडून सांगितलं, मुलगा झाल्याशिवाय नाही. मग ती माझ्याकडं येऊन दर तीन महिन्यांनी गर्भनिरोधक इंजेक्शन घ्यायची, घरात न सांगता. त्या पावसाळ्यात वरून इंजेक्शनं आली नाहीत. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात ये. पुढच्या आठवड्यातही नव्हती. तिसऱ्यांदा तिला कंपनीतून सुट्टी मिळाली नाही. तेवढ्यात राहिलं.

पट्टीवर दोन रेघा आल्या तेव्हा सहावा आठवडा होता. नकोशीनं त्याच दिवशी नाव नोंदवलं, सरकारी नोंदणीचा नंबर पाडला, कार्ड भरलं, लाल खूण केली. चार दिवसांनी दिपाली नकोशीच्या घरी गेली आणि म्हणाली, "ताई, मला ह्ये ठेवायचं न्हाय. मला पुण्याला न्या, कुठं बी न्या. मागल्या टायमाला मी वाचले त्येच लई झालं. दोन पोरी हायत, मला त्या पुरं."

नकोशीनं विचारलं, "कुठनं बघून आलीस?"

"न्हाय ओ ताई. कुठं बगनार? आत्ता तर कळलंय."

नकोशीचा विश्वास बसला नाही. त्याला कारण होतं. म्हाळसा गेलं वर्षभर मुलासाठी नवस बोलत होती, आणि जेजुरीकडच्या एका देवरुशाकडं तिचं जाणंयेणं होतं. नकोशीनं दोन अधिक दोन केले. देवरुशानं सांगितलं असणार, मुलगी आहे. सासूनं सुनेला पाठवलं असणार. एरवी या घरातून पोट पाडायची भाषा येईलच कशी? "माझ्याच्यानं ह्ये पाप हुणार न्हाय," ती दिपालीला म्हणाली. "पोरगी आसली तरी काय वायीट हाय? मी बी चौथीच हाय."

दिपाली मग माझ्याकडं आली. मी तिला कायदा सांगितला. म्हटलं, तुझा हक्क आहे, सरकारी दवाखान्यात जा, कुणाची परवानगी लागत नाही. चिठ्ठी लिहून दिली. तिच्याबरोबर मात्र गेले नाही. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि मला कुठल्याच भानगडीत नाव नको होतं. हे मी आज लिहू शकते, त्या दिवशी स्वतःशीही म्हटलं नव्हतं.

कुठला दवाखाना ते सांगत नाही. सगळीकडं तेच झालं असतं. तिथल्या डॉक्टरनं कार्ड बघितलं, लाल खूण बघितली आणि कार्डावरच्या नंबरवर फोन लावला. तो नंबर आशाचा. नकोशी तेव्हा उपकेंद्रात माझ्यासमोर बसून डोसांची यादी करत होती. फोन तिनं स्पीकरवर टाकला, कारण हात गुंतलेले होते.

"तुमच्या वाडीची बाई आलीय, दिपाली. गर्भपात पाहिजे म्हणते. आठवा आठवडा. काय प्रकार आहे?"

नकोशीनं पेन खाली ठेवलं. "साहेब, ती दोन मुलींवरची हाय. सासू देवरुशाच्या नादी लागलीया. तिला सोडू नका."

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच हलका झाला. "उगाच चौकशी आमच्या गळ्यात."

मी म्हटलं, "नकोशे, आठव्या आठवड्यात मुलगा की मुलगी हे कुणाला कळतं गं?"

"आज न्हाय कळत, सिस्टर. पर आज हिला वाट दिली तर उद्या सगळ्याच त्या वाटंनं जात्याल."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी यादी पुढं ओढली आणि खालचं नाव वाचलं.

डॉक्टरांनी दिपालीला नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर बरं होतं, तिनं दुसरी वाट वेळेत धरली असती. त्यांनी तिला सांगितलं, सोनोग्राफी करून आण. ती आणली. मग म्हणाले, नवऱ्याची सही आण. नवरा म्हणाला, आईला विचारतो. तिनं हातापाया पडून त्याला गप्प बसवलं. पुढच्या वेळी डॉक्टर रजेवर. त्याच्या पुढच्या वेळी नवे डॉक्टर, त्यांचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं. प्रत्येक खेपेला कंपनीत खाडा. बारामतीत दोन खासगी दवाखाने झाले. एकीकडं म्हणाले, पहिल्या दोन मुली आहेत का, मग आम्ही करत नाही. दुसरीकडच्या बाईंनी तिला पाणी दिलं, बसवलं, हळू आवाजात सांगितलं की माझा काही आक्षेप नाही, पण आमच्या रजिस्टरला असं एक नाव आलं की महिनाभर तपासणी लागते. औषधाच्या दुकानात गोळ्या विचारल्या. दुकानदार म्हणाला, त्या आम्ही ठेवतच नाही, फार कागद करावे लागतात.

कायद्यानं दार उघडं होतं. प्रत्येक दारात एकेक माणूस उभा होता, आणि त्यातल्या प्रत्येकाला आपण कायदा मोडत नाही असंच वाटत होतं.

इकडं नकोशी दर मंगळवारी तिच्या घरी जायची. लोहाच्या गोळ्या द्यायची, समोर बसून गिळायला लावायची, पोटाला हात लावून बघायची. दिपाली मुकाट्यानं सगळं करायची. चौदावा आठवडा लागला तेव्हा नकोशी मला आनंदानं म्हणाली, "निवळली बघा पोरगी. कायबी म्हनत न्हाय आता." मला हायसं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं खरं.

पंधराव्या आठवड्यात दिपाली एका गुरुवारी कंपनीत गेली नाही, आणि घरीही नव्हती. कुठं गेली होती, कुणाकडून पोट पाडून घेतलं, कशानं केलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. संध्याकाळी कंपनीची गाडी आली त्या वेळेला ती चालत घरी आली, भाकरी केल्या, मुलींना जेवू घातलं. शुक्रवारी अंगात ताप. सासूला सांगितलं, थंडी वाजतेय. शनिवारी तिनं गोधडीखाली रक्ताचे कपडे लपवले. वाडीत शंभर पावलांवर आशा राहते. तिच्या पेटीत थर्मामीटर आहे, मोबाइलमध्ये ॲम्ब्युलन्सचा नंबर आहे, अशा वेळी काय करायचं ते तिला माझ्याइतकं कळतं. वाडीत तिच्यासारखा दुसरा आधार नाही. आणि दिपालीनं हे सगळं जिच्यापासून लपवलं ती तीच.

रविवारी सकाळी म्हाळसा नकोशीकडं पळत आली. नकोशीनं गोधडी उचलली आणि मला फोन केला. ती काय बोलली ते मला समजलं नाही, पण तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी पोचले तेव्हा दिपालीचं अंग चुलीजवळ ठेवल्यासारखं तापलं होतं आणि हातपाय गार. गाडी आली. बारामतीला नेलं, तिथून पुण्याला न्यायला सांगितलं. गाडीत आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना. सलाईन मी धरलं होतं. पाटस यायच्या आधी तिनं डोळे उघडले, नकोशीकडं बघितलं आणि तिच्या हातातलं कार्ड बाजूला सारायला लागली.

"ताई," ती म्हणाली, "लिवू नका."

नकोशी म्हणाली, "न्हाय लिवत. कायसुदिक न्हाय लिवत. दिपे, डोळं उघड."

टोलनाका यायच्या आत सगळं संपलं. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. रस्त्यानं ऊस भरलेले ट्रॅक्टर चालले होते, एकामागं एक, मोठमोठ्यानं गाणी लावून. मला त्या माणसांचा इतका राग आला की मी दार उघडून त्यांच्यावर ओरडले. त्यांनी काय केलं होतं? काही नाही.

गरोदर बाई गेली की सरकार त्याची चौकशी करतं. सहा पानांचा फॉर्म असतो, बैठक बसते. आमच्या कागदात कुठंच खोट नव्हती. नोंद सहाव्या आठवड्यात, लोहाच्या गोळ्या पूर्ण, घरभेटी दर मंगळवारी, सह्यांसकट. मोठे साहेब पानं उलटत म्हणाले, आशाचं काम उत्तम आहे. कारणाच्या रकान्यात घातलं: कुटुंबाकडून उपचारास विलंब.

नकोशी मागच्या खुर्चीवरून उठली. "साहेब, विलंब मी केला. डाक्टरचा फोन मला आलता. मी म्हनले, सोडू नका. त्ये लिवा."

साहेब तिच्याकडं बघून समजुतीनं म्हणाले, "बाई, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तुमचं कर्तव्यच केलंत."

"कर्तव्य नगं मला. लिवा त्येच्यात."

"तसा रकाना नाही यात," साहेब म्हणाले, आणि फॉर्म माझ्याकडं सरकवला. खाली माझ्या सहीची जागा होती. नकोशी माझ्याकडं बघत होती. मी सही केली.

त्यानंतर ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी आली आणि म्हणाली, "म्हाळसाआत्याला सांगायचंय. माझ्याबरुबर चला. तिनं मला दारात शिव्या घातल्या, खेटर हानलं, तरी तुमी मधी पडायचं न्हाय." तिला मार हवा होता. कागदानं दिला नाही, तो माणसाकडून तरी मिळावा अशी तिची धडपड होती. मला ते कळत होतं. म्हणून मी गेले.

म्हाळसा ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. धाकटी मुलगी टरफलांत खेळत होती. नकोशी तिच्यासमोर खाली बसली आणि सगळं सांगितलं. दिपाली सातव्या आठवड्यात आली होती, मी तिला परत पाठवली. डॉक्टरचा फोन आला, मी अडवलं. वेळेत झालं असतं तर तुझी सून आज जिवंत असती. एकही शब्द मऊ केला नाही. सांगताना तिनं डोकं थोडं पुढं केलं होतं.

म्हाळसानं शेंगा बाजूला ठेवल्या. पदरानं डोळे पुसले. मग नकोशीचा हात हातात घेतला.

"तू काय चुकलीस गं?" ती म्हणाली. "तिचं काय चाल्लंय त्ये मला दिसत हुतं. कंपनीच्या नावानं जायाची आन तोंड पाडून यायाची. तिला माझा नातू नगं हुता. देवरुशी म्हनला हुता, औंदा पोरगाच हाय. पर मी कुठं कुठं बघनार? तू मंगळवारी यायाचीस, तिच्या पोटाला हात लावायाचीस, तवा माझा जीव भांड्यात पडायचा. मी यशराजला म्हनायची, आपल्याला काय भ्या न्हाय, नकोशी राखण करतीया. समदं गाव एकीकडं, तूच तेवढी माझ्या बाजूनं हुतीस. तुझं उपकार इसरायची न्हाय."

नकोशीनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. म्हाळसानं तो आणखी घट्ट धरला. आत जाऊन चहा टाकते म्हणाली, पण उठली नाही. आवाज जरा खाली आणला.

"आता यशराजचं दुसरं बघाय पायजे. ह्या दोन पोरींकडं बघाय तरी कुनी नगं? तू घराघरात जातीस, समद्यांच्या पोरी तुला ठाव्या. एकांदी धडधाकट बघ, पोरं हुतील आशी. तुझ्या नजरंत आसंल तर सांग गं बाई."